फॉर्मवरची मराठी, फोनवरची मराठी

मिरज तालुक्यातल्या एका गावात ओसरीवर प्रश्नावली घेऊन बसलो होतो. शिक्षण नुकतंच संपलेलं, बोलींच्या एका छोट्या पाहणीत मदतनीस म्हणून काम मिळालं होतं. समोर पन्नाशीच्या मावशी, मांडीवर निवडायला घेतलेली शेपूची जुडी. मी ठरलेला प्रश्न विचारला : ‘मी काल बाजारात गेले होते’ हे तुम्ही घरात कसं म्हणता? मावशींनी जुडी बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि सांगितलं, “मी काल बाजारात गेले होते.” मी लिहून घेतलं. पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तोच त्यांचा फोन वाजला. भावाचा असावा. “न्हाई रं, घरात नव्हतो. बाजारला गेल्तो. आत्ता आलो बघ.”

नव्हतो, गेल्तो, आलो. एका दमात तीन क्रियापदं, आणि तिन्ही पुस्तकी व्याकरणाच्या हिशेबानं पुरुषाची. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तिकडच्या अनेक घरांत आई, आजी, बहीण ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. तिथल्या मराठीत ‘मी’ला लिंग लागत नाही. शेजारच्या कन्नडमध्येही बाई असो की बुवा, ‘नानु बंदे’च म्हणतात, आणि या शेजारामुळेच मराठीला ही लकब लागली असावी, असं सहसा सांगितलं जातं. मी दोन्ही वाक्यं वहीत उतरवली. पण पाहणीच्या तक्त्यात गेलं ते पहिलंच, कारण विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर तेवढंच तक्त्यात बसत होतं. फोनवरच्या बोलण्याला त्यात घरच नव्हतं.

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. शहरातून आलेल्या, हातात पेन असलेल्या अनोळखी माणसाशी जी मराठी बोलायची असते ती त्या माझ्याशी बोलल्या. भावाशी जी बोलायची ती भावाशी बोलल्या. दोन्ही त्यांच्याच. चूक होती ती आमच्या प्रश्नात. ‘तुमची बोली’ नावाची एक वस्तू घरात कुठेतरी ठेवलेली असते, मागितली की माणूस ती आणून दाखवतो, असं आम्ही गृहीत धरलं होतं.

त्या दिवसाला बरीच वर्षं झाली. आज माझं मत पक्कं आहे की आपल्याकडे भाषा आणि समाज यांचा अभ्यास ज्या पायावर उभा राहिला त्या पायातच ही फट आहे. माणसांचे आधी गट पाडायचे : जिल्हा, जात, धर्म. प्रत्येक गटाला एक बोली लावून द्यायची. मग त्या गटातल्या कुणा एकाला, बहुतेक वेळा घरातल्या कर्त्या पुरुषाला, विचारून नमुना घ्यायचा. गट अभ्यासाआधीच ठरलेला असल्यामुळे अभ्यासातून पुन्हा तोच बाहेर येतो. एकाच बाईच्या तोंडी दहा मिनिटांत दोन मराठी येतात, त्या कुणाशी, कशासाठी येतात, हे यात कुठेच सापडत नाही. आणि मला वाटतं, भाषेतला समाज नेमका तिथेच असतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात साठच्या दशकात अमेरिकन भाषा-अभ्यासक विल्यम लबॉव्ह यांच्या गटाला हाच धडा मिळाला होता. त्या काळी तिथल्या शिक्षणक्षेत्रात असं ठासून सांगितलं जायचं की काळ्या वस्तीतल्या मुलांना भाषाच पुरेशी येत नाही. पुरावा काय, तर मुलाखती. मोठ्या माणसानं प्रश्न विचारायचा, मुलानं एका शब्दात उत्तर द्यायचं किंवा गप्प बसायचं. लबॉव्ह यांच्या एका सहकाऱ्यासमोरही आठ वर्षांचा एक मुलगा असाच गप्प बसला. हा सहकारी, क्लॅरेन्स रॉबिन्स, स्वतः हार्लेममध्ये वाढलेला काळा माणूस, तरीही मुलगा बोलेना. पुढच्या खेपेला रॉबिन्स बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट घेऊन आला, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत बोलावलं आणि खुर्ची सोडून जमिनीवर बसला. मग दोन्ही मुलं एकमेकांचं बोलणं तोडत अशी काही सुटली की थांबेनात. मूल तेच होतं, विचारणाराही तोच. बदललं होतं ते विचारणाऱ्याचं बसणं. लबॉव्ह यांनी हे १९६९ साली मांडलं. दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, अमेरिकेतल्याच अॅन आर्बर शहरातल्या काळ्या मुलांच्या वतीनं शाळांवर खटला झाला, त्यात त्यांनी साक्ष दिली, आणि मुलांची घरची बोली शाळेनं विचारात घेतलीच पाहिजे असा निकाल लागला. ज्या बोलीचा अभ्यास केला ती बोलणाऱ्या मुलांसाठी अभ्यासक कोर्टात उभा राहिला. हा धागा मी पुढे पुन्हा हातात घेणार आहे.

आधी आपल्या घराकडे बघू. ब्रिटिश अमदानीतले सरकारी अधिकारी जॉर्ज ग्रियर्सन यांचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण १८९४ मध्ये सुरू झालं, त्याचा अखेरचा भाग १९२८ मध्ये छापून आला. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यात नोंदल्या आहेत. त्यातला मराठीवरचा सातवा खंड १९०५चा, तो ग्रियर्सन यांचे सहकारी स्टेन कोनोव्ह यांनी तयार केला. हे काम डोंगराएवढं आहे, आणि मराठीच्या बोलींवर लिहू पाहणारा कुणीही आजही आधी त्या खंडाशी जातो. सरकारी यंत्रणेमार्फत ठिकठिकाणांहून नमुने मागवले गेले. त्यात मुख्य नमुना होता बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा स्थानिक बोलीतला अनुवाद. हीच गोष्ट का, याचं कारणही ग्रियर्सन यांनी दिलंय : तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामं येतात, नामांच्या बहुतेक विभक्ती येतात, आणि क्रियापदाचे वर्तमान, भूत, भविष्य असे तिन्ही काळ येतात. व्याकरणाच्या दृष्टीनं निवड चोख होती.

आता ती गोष्ट आठवून बघा. एका माणसाला दोन मुलगे. धाकटा आपला वाटा मागून घेतो, परमुलखात उधळतो, उपाशी मरायला लागतो आणि परत येतो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. थोरला रागावतो. चाकर निरोप सांगतो. या गोष्टीत तोंड उघडणारी बाई एकही नाही. इतक्या वर्षांनी लेक घरी आला तेव्हा आई कुठे होती, हे गोष्ट सांगत नाही. जी गोष्ट शेकडो बोलींचा साचा झाली, तिच्यात बाईला एक वाक्य नाही. म्हणजे ‘मी आलो’ म्हणणारी मिरजेकडची मावशी त्या साच्यात शिरणार कुठून? ग्रियर्सन यांनी गोष्टीच्या जोडीला स्थानिक मजकूर आणि ठरावीक शब्द-वाक्यांची यादीही मागवली होती, हे न्यायानं सांगायला हवं. पण बोलींची तुलना करताना हाती घेतली जाते ती गोष्ट, आणि ती दोन लेकांची आणि बापाची आहे.

पुढे १९६०च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींवर एकेक करून पुस्तकं सिद्ध केली. कुडाळची कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली. प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून घेतलेल्या उच्चारांच्या बारीक नोंदी, व्याकरण, शब्दसूची. अशा कष्टाचं काम आज फार थोडे करतात. तरी त्या नावांकडे बघा. गाव किंवा तालुका, आणि त्याला जोडलेली जात किंवा जमात. महाडमधला कुणबी मुंबईला गिरणीत लागला, चाळीत राहिला, गणपतीला गावी आला, तर तो कोणत्या पुस्तकात? त्या काळी महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांतला एखादा माणूस मुंबईला असायचाच. बोली महाडची नोंदली गेली, पण ती मुंबईला जाऊन-येऊन राहिलेल्या माणसांची बोली होती.

कुपवाडचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. सांगली-मिरजेत हे नाव माहीत असतं ते एमआयडीसीमुळे. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत मात्र ते घेतलं जातं ते जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांच्या १९७१ सालच्या निबंधामुळे. तेव्हाचं कुपवाड तीनेक हजार वस्तीचं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांकडे उर्दू, दलित आणि भूमिहीन घरांत मराठी, आणि दोर वळणाऱ्या थोड्या घरांत तेलुगू. शतकानुशतकं एकमेकांशी बोलून या भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलंय की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की वाक्य तयार होतं, असा गंपर्झ-विल्सन यांचा दावा. शब्द मात्र वेगळे राहिले, कारण घराची ओळख शब्दांवर राहते. त्यांचं एक वाक्य बऱ्याच भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. कुपवाडच्या उर्दूत : ‘पाला जरा काट के ले के आया.’ कुपवाडच्या मराठीत : ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ कन्नड वाक्यही याच क्रमानं, तुकड्याला तुकडा लावून बसतं.

विद्यार्थी असताना हा निबंध वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता. भाषांची कुळं वेगळी, एक आर्य, दुसरी द्राविडी, आणि दोघींचा सांगाडा एका गावाच्या चावडीवर, पाणवठ्यावर, बांधावर उभं राहून बोलता बोलता एक झालेला. आजही मला तो निबंध थोर वाटतो. पण त्यातलं एक विधान दर वेळी अडवतं. गावातले जवळजवळ सगळे पुरुष दोन किंवा जास्त भाषा बोलतात, असं तो सांगतो. मग बायकांचं काय? सीमाभागातल्या जैन-लिंगायत घरांत सुना कर्नाटकातल्या चिकोडी, अथणी, रायबाग भागातूनही येतात, तशाच कोल्हापूरकडच्या मराठी बोलणाऱ्या घरांतूनही. सासूची कन्नड एक, सुनेची दुसरी, नातवंडाच्या कानावर दोन्ही, वर शाळेची मराठी. कुपवाडची कन्नड एका घरातून दुसऱ्या पिढीकडे गेली ती या चुलीपाशी. चावडीवर जे व्याकरण एक झालं म्हणतात ते मुलाच्या तोंडात कुणी घातलं, हे बायकांना वगळून कसं सांगता येईल?

आणि गावही तिथेच थांबलेलं नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, कारभार मराठीत आला. पुढे कारखाने आले, बाहेरून कामगार आले, १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड ही महापालिका झाली. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी चार दशकांनंतर पुन्हा कुपवाडला गेल्या आणि गंपर्झ-विल्सन यांच्या मांडणीची त्यांनी नव्यानं चिकित्सा केली. गाजलेल्या निबंधाचं गाव पुन्हा बघायला जाणं हे मला फार मोलाचं वाटतं. भाषाविज्ञानात एकदा एखाद्या गावावर प्रसिद्ध निबंध झाला की ते गाव पाठ्यपुस्तकात गोठून जातं. त्यातली माणसं मात्र म्हातारी होतात, त्यांची मुलं सांगलीच्या कॉलेजात जातात.

गंपर्झ यांच्याच आधीच्या एका कामात या प्रश्नावरचा उपाय पडलेला आहे, आणि आपल्याकडे त्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही असं मला वाटतं. उत्तर प्रदेशात सहारनपूर जिल्ह्यातल्या खालापूर गावाच्या बोलींवरचा त्यांचा निबंध १९५८चा. जातीनुसार बोलण्यात फरक आहे हे त्यांना दिसलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. वेगवेगळ्या जातींची माणसं दिवसभर एकत्र काम करतात, मालक आणि मजूर एकमेकांशी सतत बोलतात, तरी बोलणं वेगळं राहतं. मग कशानं ठरतं? सवंगड्यांवरून ठरतं, असं त्यांनी मांडलं. लहानपणी खेळलात कुणाशी, मोठेपणी गप्पा मारायला कुणाच्या ओट्यावर बसता. म्हणजे जातीनं बोली घडत नाही. कोण कुणाच्या ओट्यावर बसू शकतो हे जात ठरवते, आणि बोली त्या ओट्यावर घडते. या दोन विधानांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं खरं मानलं तर ‘अमक्या जातीची बोली’ ही रक्तातून आलेली गोष्ट होते. दुसरं मानलं तर ओटा बदलता येतो, आणि बोलीही बदलते.

हे अंतर आत्ता का महत्त्वाचं? १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून जनगणना होणार आहे, आणि १९३१ नंतर पहिल्यांदा त्यात सगळ्या जातींची नोंद होणार आहे. जातनिहाय नोंद हवीच, या मताचा मी आहे. कुणाच्या वाट्याला काय आलं हे मोजल्याशिवाय कुणालाही हक्कानं मागता येत नाही. पण त्याच फॉर्मवर मातृभाषेचाही प्रश्न असतो. मातृभाषा एक, आणि येणाऱ्या इतर भाषा दोन. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई माणसाशी जी बोलली ती. पुढचे आकडे आले की जात आणि मातृभाषा शेजारी-शेजारी ठेवून तक्ते करण्याचा मोह अनेकांना होईल. ‘अमुक जातीची बोली अमुक टक्के’ असे नकाशे निघतील, वर्तमानपत्रांत छापले जातील. ओट्याचा प्रश्न कुणी विचारलेलाच नसेल, त्यामुळे त्या नकाशात जात पुन्हा रक्तासारखी दिसेल. विद्यापीठांतल्या भाषाविज्ञानाच्या आणि समाजशास्त्राच्या विभागांनी आतापासून हे बोलायला हवं.

रकान्यांचं आणखी एक. २०११च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून एकोणीस हजारांहून जास्त नावं सांगितली, नेमकी १९,५६९. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा मान्य झाल्या, १,४७४ नावं अवर्गीकृत राहिली, आणि शेवटी दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या १२१ भाषांची यादी झाली. छाननी लागते, मान्य. एकाच भाषेची दहा स्पेलिंगं असतात. पण ‘खानदेशी’चं बघा. अहिराणी त्या यादीत मराठीखाली येत नाही, खानदेशी नावाच्या वेगळ्या भाषेखाली येते, आणि त्या भाषेचे बोलणारे २०११ मध्ये सुमारे १८.६ लाख. आपल्याकडच्या मराठी विषयाच्या पुस्तकांत मात्र ती मराठीची बोली म्हणून शिकवली जाते. जनगणना वेगळी म्हणते, पाठ्यपुस्तक मराठीची म्हणतं, आणि धुळ्यातला शेतकरी शेतात अहिराणी बोलतो, बँकेत मराठी आणि इंदूरच्या व्यापाऱ्याशी हिंदी. मोजणीदारानं विचारलं की त्याला एकच नाव सांगायचं असतं. घरात अहिराणी बोलणारे किती जण ‘मराठी’ सांगून मोकळे होतात, हे त्या १८.६ लाखांतून कळत नाही. अहिराणी भाषा आहे की बोली हा वाद मी सोडवू शकत नाही, आणि तो सोडवल्यानं त्या शेतकऱ्याचं काही अडलेलं सुटणार नाही. त्याची नात पहिलीच्या वर्गात गेली की बाईंचं बोलणं तिला कितपत समजतं, तिथे अडतंय.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी या विषयावर महाराष्ट्र ढवळून निघाला. एप्रिलमध्ये शासन निर्णय आला, जूनमध्ये बदलला, जूनच्या अखेरीला मागे घेतला गेला. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचं ओझं नको, हे मलाही पटलेलं होतं. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न फार थोड्यांनी विचारला : धडगावच्या पावरी बोलणाऱ्या, मेळघाटच्या कोरकू बोलणाऱ्या, भामरागडच्या माडिया बोलणाऱ्या मुलाला पहिलीत मराठी ही पहिली भाषा असते का? कोरकू तर मराठीच्या कुळातलीही नाही, मुंडा कुळातली आहे. त्या मुलाच्या दृष्टीनं मराठी हीच दुसरी भाषा, आणि तीही न सांगता लादलेली. आपण हिंदीविरुद्ध जे जे मुद्दे मांडले ते सगळे ते मूल मराठीपुढे मांडू शकलं असतं. मराठीचा कैवार घेणाऱ्या आपण सगळ्यांनी हे ऐकून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आणि इथे अभ्यासकांचं कर्तव्य सगळ्यात मोठं होतं, कारण त्या वर्गांत काय बोललं जातं हे ऐकलेलं, ध्वनिमुद्रित केलेलं, मराठीत लिहून लोकांसमोर ठेवलेलं फारच थोडं होतं.

यावर मला नेहमी दिला जाणारा प्रतिसाद असा : गटच सोडले तर अभ्यास करायचा कसा? आकड्यांशिवाय शासन ऐकत नाही. कोरकूसाठी पुस्तक काढायचं तर कोरकू किती हे सांगावं लागणारच. हे खरं आहे. गणेश देवी यांच्या पुढाकारानं झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणानं ७८० भाषांची नोंद केली, आणि अनेक समाजांना ‘आम्ही आहोत’ हे त्या नोंदीमुळे पहिल्यांदा छापील पुराव्यासह म्हणता आलं. मोजणी थांबवा असं मी म्हणत नाही. मोजणी म्हणजे अभ्यास, ही समजूत सोडा, एवढंच मागणं आहे. तालुक्यात किती कोरकू आहेत हे मोजल्यावर त्यातल्या एका घराचा एक पूर्ण दिवस ऐकायला हवा. सकाळी आई लेकराला उठवते तेव्हाची भाषा, आश्रमशाळेतली, आठवडी बाजारातली, परतवाड्याच्या दवाखान्यातली. कोणत्या क्षणी कोण कोणती भाषा सोडतो, सोडताना आवाज खाली जातो का, हे कोणत्याही टक्केवारीपेक्षा जास्त सांगतं. चांगली सुरुवातही झालेली आहे. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, त्यातलं ध्वनिमुद्रित बोलणं जालावर सगळ्यांसाठी खुलं आहे. कागदावरच्या नमुन्यापेक्षा कानावर पडणारा माणूस, हा फरक मोठा.

मला त्यापुढचं एक पाऊल हवंय, आणि ते कुणी टाकलेलं नाही असंही नाही. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या बाईंनी फलटणच्या बोलण्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. कोण कसं बोलतं, त्यात भेद कशानं पडतो, याचा बारकाईनं अभ्यास. अशा अभ्यासानंतर बहुतेक जण पदवी घेऊन परत जातात. बर्नसनबाई फलटणला राहिल्या. शाळेत न टिकणाऱ्या, ज्यांच्या बोलण्याला वर्गात ‘अशुद्ध’ म्हटलं जातं अशा वस्त्यांतल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून त्यांनी सुरुवात केली, पुढे १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली, आणि वाचन-लेखन शिकवण्याची मुलांच्या बोलण्याला धरून चालणारी पद्धत घडवली. त्या इथल्याच झाल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं. मघाशी लबॉव्ह यांचा जो धागा सोडला होता तो हा. न-ण चा भेद, ळ-ल चा भेद प्रबंधात मोजणं एक, आणि ‘पानी’ म्हणणारं मूल ‘पाणी’ लिहायला शिकेपर्यंत त्याच्या शेजारी बसणं दुसरं. दुसरं केलं की पहिल्यातल्या चुका आपोआप कळतात, कारण मूल रोज समोर असतं आणि ते तुमच्या सिद्धांताला भीक घालत नाही.

प्रत्येक अभ्यासकानं शाळा काढावी असं कुणी म्हणणार नाही. पण निदान एक तरी गोष्ट करता येण्यासारखी आहे : ज्यांचं बोलणं घेतलं त्यांना ते परत ऐकवायचं, आपण त्यातून काय निष्कर्ष काढला ते त्यांच्या भाषेत सांगायचं, आणि त्यांचं म्हणणं निबंधात घालायचं. मराठीवरचं बरंचसं भाषाविज्ञान इंग्रजीत लिहिलं जातं. कुपवाडवरचा तो जगप्रसिद्ध निबंध कुपवाडच्या कुठल्या वाचनालयात मिळतो? ज्या माणसांच्या बोलण्यावर तो उभा आहे त्यांच्या नातवंडांना तो वाचता यावा, एवढं मराठीत आणणं काही अवघड नाही. माहिती देणारा तो ‘सूचक’ आणि अर्थ लावणारा तो ‘अभ्यासक’, अशी विभागणी आपण पक्की करून टाकली आहे. माझा अनुभव असा की अर्थ लावण्यात बोलणारा माणूस कितीदा तरी आपल्या पुढे असतो.

मागच्या वर्षी मी त्या मावशींकडे पुन्हा गेलो. आता सत्तरीला आलेल्या, ऐकायला थोडं कमी. बोलता बोलता मी त्यांना कुपवाडचं वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं : ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ निबंधात हे वाक्य कुणाचं, कुणाशी बोललेलं, पाला कशाला, यातलं काही नाही. इतकी वर्षं मीही ते पुरुषाचंच वाक्य समजून वाचत आलो होतो. ‘आलो’ आहे ना.

मावशींनी क्षणभरही विचार केला नाही. “बाईचं हाय,” त्या म्हणाल्या.

“कशावरून?”

“जरा पाला कोन आनतंय? शेरडाला आनायचा तर बाईच आनती, येता येता. गडी गेला तर भारा आनतो.”